किरकोळ अपघात, दोन क्लेम: गाडीचा वेगळा, माणसाचा वेगळा

कॅज्युअल्टीत केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, ‘‘काय झालं?’’ दुखरा हात सावरत बसलेला माणूस सांगून टाकतो, ‘‘बाइकवरून पडलो.’’ डॉक्टर तेवढंच लिहितात. मागून कारने धक्का दिला म्हणून पडलो, हे कागदावर येतच नाही. पुढे भरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा विमा कंपनीचा वकील नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवतो: पेशंट स्वतःच पडला, आमच्या गाडीचा संबंध काय?

किरकोळ अपघातात पैसे बुडतात ते बहुतेक अशा ठिकाणी. बंपरचे वीस फोटो काढले जातात, सर्व्हेअरला (नुकसान पाहायला विमा कंपनीने नेमलेला तपासनीस) चार फोन जातात, आणि मनगटाच्या दुखण्याचा एकही धड कागद नसतो. म्हणून आधी एवढं डोक्यात घ्यावं की गाडीचं नुकसान आणि माणसाची दुखापत हे दोन स्वतंत्र क्लेम आहेत. गाडीचा क्लेम तुमच्याच पॉलिसीच्या ‘ओन डॅमेज’ भागातून मिळतो. तो कंपनी, गॅरेज आणि सर्व्हेअर यांच्यातच मिटतो. दुखापतीचा क्लेम धडक देणाऱ्या गाडीच्या ‘थर्ड पार्टी’ विम्यातून येतो. तो पोलीस, हॉस्पिटल आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे बोलीभाषेतलं ट्रिब्युनल, या वाटेने जातो. एका वाटेचा कागद दुसऱ्या वाटेवर फारसा चालत नाही.

जागेवरची पंधरा मिनिटं

हॅझर्ड लाइट लावा आणि कोणाला लागलंय का ते बघा. लागलं असेल तर १०८ (ॲम्ब्युलन्स) किंवा ११२ (पोलीस). मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे, चूक कोणाची का असेना. जमाव हातघाईवर आला असेल तर तिथे थांबायची सक्ती नाही, पण मग सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. घरी जाऊन ‘उद्या बघू’ म्हणालात की पळून गेल्याचा शिक्का बसतो.

कोणाला लागलेलं नसेल तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मधल्या लेनमध्ये गाडी उभी करून वाद घालण्यात अर्थ नाही. दोन मिनिटांत फोटो काढा आणि गाड्या कडेला घ्या. फोटो असे हवेत:

– दोन्ही गाड्या एका चौकटीत, नंबरप्लेट वाचता येईल असे, समोरून आणि मागून
– थोडं लांबून: लेनच्या रेषा, सिग्नल, दुभाजक, बसस्टॉपची पाटी किंवा मेट्रोचा खांब नंबरसकट
– तुटलेल्या जागेचा जवळून एक आणि हातभर अंतरावरून एक
– समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि विम्याचा कागद

समोरचा कागद दाखवत नसेल तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. विमा कंपनी कोणती आणि मुदत कधीपर्यंत, हे बहुतेक वेळा तिथे दिसतं. पाहणाऱ्यांपैकी एखाद्याचा नंबर घ्या. पानवाला किंवा दुकानाचा वॉचमन सगळ्यांत उपयोगी, कारण तो उद्याही तिथेच असतो. दुकानाच्या किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीची चौकशी त्याच दिवशी करा. बऱ्याच ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. फुटेज हाती देत नसतील तर निदान कॅमेरा कुठे आहे ते लिहून घ्या, म्हणजे पोलिसांकडे ते मागवण्याचा अर्ज करता येतो.

आता मुंबईकरांच्या आवडीचा प्रकार: ‘‘भाऊ, दोन हजार दे आणि मिटव.’’ निव्वळ बंपरला बंपर घासला असेल तर हरकत नाही, फक्त कागदावर दोन्ही गाड्यांचे नंबर, तारीख, रक्कम आणि ‘कोणालाही दुखापत नाही’ एवढं लिहून सही घ्या. पण माणसाला लागलं असेल तर जागेवर मिटवू नका. तुमच्या पॉलिसीत स्पष्ट अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा देऊ करायचे नाहीत. तुम्ही पाच हजार देऊन मोकळे झालात आणि पुढे त्याच माणसाने दोन लाखांचा दावा लावला, तर कंपनी हीच अट काढून दाखवते. हॉस्पिटलचा तातडीचा खर्च माणुसकी म्हणून करावा, जरूर करावा. बिल जखमीच्या नावाने घ्या, पैसे यूपीआयने भरा आणि कंपनीला कळवा.

पोलीस ठाण्यात काय मागायचं

दुखापत असेल तर पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावं लागतं: पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, जखमींची माहिती आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा तपशील. कॉल सेंटरला फोन केला तरी मागोमाग ईमेल टाका. फोनवर काय बोललात हे नंतर सिद्ध करायला काही उरत नाही.

ठाण्यात दोन शब्दांतला फरक माहीत असावा. नुसतं नुकसान असेल तर बहुधा स्टेशन डायरीत नोंद होते. गाडीच्या साध्या क्लेमला ती पुरते, कित्येकदा तीही लागत नाही. दुखापत असेल तर मात्र एफआयआरचाच आग्रह धरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजी ड्रायव्हिंगला कलम २८१ आणि त्यातून झालेल्या दुखापतीला कलम १२५ लागतं. दोन्ही दखलपात्र आहेत, त्यामुळे ‘एनसी घेतो’ (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) हे उत्तर पुरेसं नाही. हद्दीचा वाद निघाला, उदाहरणार्थ उड्डाणपूल एका ठाण्याच्या हद्दीत आणि त्याचा उतार दुसऱ्याच्या, तर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात होणारा झिरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. सही करण्याआधी गाडीचा नंबर अंक-अंक वाचून बघा. एमएच ०२ च्या जागी एमएच ०३ लिहिलं गेलं, तर पुढे पुरवणी जबाबासाठी खेटे घालावे लागतात.

एफआयआर, स्पॉट पंचनामा, दोन्ही गाड्यांचे कागद आणि इंज्युरी सर्टिफिकेट हा पोलिसांकडचा संच आहे. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो, आणि विमा कंपनीलाही. हा सविस्तर अहवाल ट्रिब्युनल भरपाईचा अर्ज म्हणून धरू शकतं. कागदावर व्यवस्था उत्तम आहे. तरी तपास अधिकाऱ्याला महिन्यातून एकदा भेटून विचारणं सोडू नका.

गाडी ठाण्यात ठेवून घेतली तर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग वगैरे तपासतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे सोपस्कार संपल्यावर २४ तासांत गाडी परत मिळायला हवी. ती तिथे उभी असताना टेपचं फेसप्लेट, फास्टॅग आणि स्टेपनी यांचा फोटो काढून ठेवलेला बरा.

हॉस्पिटल: कोणती ओळ लिहिली गेली ते बघा

‘‘काही नाही, थोडं खरचटलंय’’ म्हणून घरी जाऊ नका. मानेचा ठणका बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. हातावर पडल्यावर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं लहान हाड मोडतं, आणि ते पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत दिसतं. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जी खळी पडते तिथे दाबून दुखत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोक्याला मार असेल आणि नंतर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी जाणवली तर ताबडतोब परत जा.

केईएम, सायन, नायर, कूपर किंवा राजावाडी अशा पालिका हॉस्पिटलांत अपघाताची मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी एमएलसी, नोंदली जाते. खासगी हॉस्पिटलात गेलात तर ‘एमएलसी करा’ असं तोंडाने सांगा. छोटी नर्सिंग होम पोलिसांची कटकट नको म्हणून ते टाळतात. औपचारिकता पूर्ण होईपर्यंत थांबा, असं मात्र कुठल्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. आधी उपचार, हे त्याच कलम १३४ मध्ये लिहिलंय.

केसपेपरवर चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: रस्ता अपघात असल्याचा उल्लेख, कोणत्या वाहनाने धडक दिली (नंबर माहीत असेल तर नंबरसह), वेळ आणि जागा, आणि दुखणारा प्रत्येक अवयव. गुडघा सोलवटलाय म्हणून फक्त गुडघाच लिहिला आणि खांदा राहिला, तर दोन महिन्यांनी खांद्याच्या एमआरआयचं बिल कोणी धरत नाही. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून सही घ्या. नंतर केलेल्या दुरुस्तीकडे संशयानेच पाहिलं जातं.

खर्चाचं काय? मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त हॉस्पिटलांत होतात. स्वतःचं मेडिक्लेम असेल तर तेही वापरा. त्यामुळे भरपाई कापली जाईल ही भीती मुंबईत आता तितकी उरलेली नाही: मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. एक काळजी मात्र घ्या. मेडिक्लेम कंपनी मूळ बिलं ठेवून घेते. ती देण्याआधी सगळ्याचा रंगीत स्कॅन काढा आणि किती रक्कम मंजूर झाली त्याचं पत्र मागून घ्या.

गाडीचा क्लेम: करावा की नाही, आधी आकडे मांडा

बहुतेक लोक इथे हिशेब न करता फॉर्म भरतात. एक साधा नमुना घेऊ. साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची गाडी, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, आतापर्यंत एकही क्लेम नाही, म्हणून नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, ३५ टक्के. मागून ठोकर बसली. समजा, गॅरेजचं एस्टिमेट असं आलं: मागचा बंपर ९,००० रुपये, टेल लॅम्प ५,०००, डिकीच्या पत्र्याचं डेंटिंग ३,५००, पेंटिंग ८,०००, फिटिंग १,५००. एकूण २७,०००.

आता कापाकापी. प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीवर गाडी कितीही नवी असो, ५० टक्के घसारा. काचेवर शून्य. पत्र्याचा भाग बदलला तर गाडीच्या वयाप्रमाणे: दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पुढे दहा वर्षांपर्यंत ४०. पेंटिंगच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग रंगाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. म्हणजे बंपरचे ४,५००, लॅम्पचे २,५०० आणि पेंटिंगचे १,००० गेले. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट (त्यावर २,०००). एकूण ९,००० तुमच्या खिशातून आणि कंपनीकडून १८,०००.

आता बोनस. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० धरू. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी बोनस ४५ टक्के आणि नंतर ५० वर स्थिर. क्लेम केला तर शून्यावरून पुन्हा २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक वर्षागणिक ४,०५०, २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५०, म्हणजे पाच वर्षांत १०,८००. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) उतरते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी येईल. तरी १८,००० मिळाले असं वाटतं तिथे खरा फायदा सातेक हजारांचा आहे. फक्त बंपर फुटला असता (बंपर ९,०००, पेंटिंग ४,०००, फिटिंग १,०००) तर हाती ८,००० आले असते आणि बोनसमध्ये त्याहून जास्त गेले असते. तो क्लेम करायचाच नाही. झिरो डेप असेल तर घसाऱ्याची कापणी टळते, पण वर्षाला किती क्लेम याची मर्यादा असते आणि बोनस जातो तो जातोच. बोनस वाचवणारा ॲड-ऑन वेगळा घ्यावा लागतो.

करायचं ठरलं तर क्रम असा. कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. गाडी चालत असली तरी रेडिएटरखाली ओल किंवा चाकाला घासणारा लायनर दिसला तर चालवू नका, टोइंग मागवा. मोडलेली गाडी चालवून इंजिन गेलं तर ते वाढीव नुकसान कंपनी देत नाही. कॅशलेस गॅरेज कंपनीच्या यादीतलं आहे ना, ते तपासा. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एक स्क्रूसुद्धा फिरवू देऊ नका. कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा, असे आयआरडीएआयचे, म्हणजे विमा नियामकाचे, २०२४ चे निर्देश आहेत.

सर्व्हेच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. बंपर उतरवल्यावर आतली ब्रॅकेट, क्लिपा, पार्किंग सेन्सर किंवा रीइन्फोर्समेंट बार मोडलेला निघतो. तो पहिल्या एस्टिमेटमध्ये नसतो. अशा वेळी ‘सप्लिमेंटरी’ एस्टिमेट द्यायचं आणि सर्व्हेअरने पाहिल्यावरच भाग बदलायचा. आधी बदलला तर जुना भाग कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

मुंबईच्या गाडीला चारही कोपऱ्यांत ओरखडे असतातच. गॅरेजवाला म्हणतो, ‘‘साहेब, ह्याच क्लेममध्ये डाव्या दाराचंही घालून देतो.’’ घालू नका. मागून बसलेली ठोकर आणि दाराची चीर यांची दिशा जुळत नाही, हे सर्व्हेअरला गंजाच्या रेषेवरून क्षणात कळतं, आणि मग खऱ्या भागावरही प्रश्न उभे राहतात. वेगळा प्रसंग म्हणजे वेगळा क्लेम आणि वेगळी वजावट.

क्लेम अडतो तो बहुतेक याच कारणांनी: चालवणाऱ्याचं लायसन्स संपलेलं, प्यायलेला ड्रायव्हर, खासगी नंबरची गाडी भाड्याने चालवलेली, गाडी विकत घेऊन पॉलिसी आपल्या नावावर न केलेली.

दुखापतीची भरपाई

धडक देणाऱ्याची चूक असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ट्रिब्युनलकडे अर्ज करायचा. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे, तिन्ही चालतात. अपघात खोपोलीला झाला तरी डोंबिवलीकराला रायगडला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत अपघातापासून सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही अट आली आणि तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. प्लॅस्टर निघेपर्यंत थांबू म्हणता म्हणता चार महिने जातात.

चूक सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो. मोठं अपंगत्व असेल तर घाईने हो म्हणू नका. हाड किंवा दात मोडणं हे कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे. धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तर कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात.

किती मिळेल, हे कागदांवर ठरतं. ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने भरपाईची जी शीर्षकं सांगितली, तीच तुमची फाइल: उपचार आणि औषधं, येण्या-जाण्याचा खर्च, सकस आहार, बुडालेली कमाई, अपंगत्वामुळे पुढे घटणारी कमाई, पुढचे उपचार आणि सोसलेल्या वेदना. त्या निकालातला महत्त्वाचा मुद्दा असा की हात दहा टक्के निकामी म्हणजे कमाईही दहा टक्केच घटली असं नाही. तर्जनी वाकत नसेल तर बँकेतल्या कर्मचाऱ्याचं एक वेळ निभेल, झवेरी बाजारातल्या कारागिराचं नाही. म्हणून अपंगत्वाचा दाखला सरकारी हॉस्पिटलमधून घ्याच, पण सोबत तुमचं काम नेमकं काय, याचा पुरावाही जोडा.

कमाईचा पुरावा प्रत्येकाचा वेगळा. नोकरदाराला पगारपत्रक आणि कापलेल्या रजेचं पत्र. हक्काची रजाही खर्ची पडली असेल तर तीही मागता येते. डिलिव्हरी करणाऱ्याने ॲपमधलं आठवड्याचं कमाईपत्रक अपघाताआधीच्या सहा महिन्यांचं उतरवून घ्यावं, कारण आयडी बंद झाला की ते दिसत नाही. घरकाम करणाऱ्या ताईंनी प्रत्येक घरातून महिन्याच्या पगाराचं एका ओळीचं पत्र घ्यावं. रिक्षाने फिजिओथेरपीला जाता तर वहीत तारीख आणि भाडं लिहीत जा.

आपलीच गाडी चालवताना मालकाला लागलं आणि चूकही त्याचीच, तर थर्ड पार्टी विमा त्याच्या कामाचा नाही. पॉलिसीतलं १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर मृत्यू आणि कायमच्या मोठ्या अपंगत्वासाठी आहे. फ्रॅक्चरला त्यातून रुपयाही मिळत नाही, तिथे मेडिक्लेमच. शेजारी बसलेल्यांना पॅकेज पॉलिसीत (ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी दोन्ही असलेली) संरक्षण आहे, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत नाही.

वॉर्डात येऊन ‘‘अर्धे तुमचे, अर्धे आमचे’’ म्हणणाऱ्या एजंटाच्या कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका. निकालातल्या रकमेत टक्का ठरवून फी घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. खटला लोकअदालतीत मिटवायचा प्रस्ताव आला तर वाईट नाही, लहान दुखापतीत तर चांगलाच. पण उपचार संपलेत का, प्लेट किंवा स्क्रू काढायचं ऑपरेशन बाकी आहे का, हे आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. एकदा तडजोड झाली की त्या ऑपरेशनचा खर्च पुन्हा मागता येत नाही.

कंपनीने हात वर केले तर

नकार तोंडी घेऊ नका. पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली, ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात जावं लागतं. लोकपालाकडे तुमच्या स्वतःच्या पॉलिसीची तक्रार चालते. समोरच्याच्या कंपनीने दुखापतीचे पैसे दिले नाहीत, ही तक्रार तिथे घेत नाहीत, तिच्यासाठी ट्रिब्युनलच.